गोठ्याची खिडकी

कापसाच्या गाड्या शाळेवरून जाऊ लागल्या की मी पोरांना वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायला सांगतो आणि मग फळ्याकडे वळून ठसठशीत अक्षरात लिहितो : 'हवेशीर घराचे फायदे'. आरोग्याच्या क्रमिक पुस्तकातला हा धडा दरवर्षी नेमका याच दिवसांत येतो. नागपुरात बसून ज्यांनी धड्यांचा क्रम लावला, त्यांना अकोल्याच्या हंगामाची कल्पना नसावी. गाड्यांवरून उडालेली रुई उघड्या खिडकीतून आत येते, माझ्या मिशांत बसते आणि मला शिंका सुरू होतात. आणि शिंकणाऱ्या मास्तरचा वर्गावर वचक राहत नाही. म्हणून हवेशीर घराचे फायदे मी बंद खोलीत शिकवतो. यंदा मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, "मास्तर, खिडकी उघडी असली म्हंजेच घर हवेशीर ना?"

मी म्हटलं, "होय."

"मंग आपली काहून लावली?"

मी त्याला बाकावर उभं केलं. चुकीच्या प्रश्नासाठी मी आजवर कोणाला बाकावर उभं केलेलं नाही.

दिवाळी ते होळी या दिवसांत अकोल्याचा रंगच पालटतो. बाभळीच्या काट्यांना, तारेच्या खांबांना, कुंपणांच्या काट्याकुट्यांना पांढरे पुंजके लटकतात. सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे वाजतात. रस्त्यानं चालणाऱ्या माणसांच्या भुवयांवर रुई बसते आणि चांगली तरणी माणसंही थोडी म्हातारी दिसायला लागतात. मला याचं विशेष वाटत नाही, कारण मी बाराही महिने तसाच दिसतो. बाजारातल्या लोकांना या पांढऱ्या धुळीत चांदी दिसते. मला ती धूळ दिसली की कानात एक शिटी वाजायला लागते. बारीक, ओलसर शिटी. श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना वाजणारी. ती माझ्या धाकट्या बहिणीची, बनीची आहे. बनी जाऊन इतकी वर्षं लोटली की तिचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. नाक कोणासारखं होतं हे सांगायला सांगितलं तर मी अडखळेन. शिटी मात्र जशीच्या तशी आहे.

यंदा ती फक्त कानात वाजत नाही, हीच अडचण झाली आहे. आमची धाकटी सुमन, अजून शाळेत घालायची आहे, तिच्या छातीत दिवाळीनंतर तोच सूर लागला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोरांच्या वह्या तपासत होतो. वाटलं, कानातलंच आहे. मग बायको दारात येऊन उभी राहिली.

"आयकलं काय? पोरीच्या छातीत चिमणी बोलून राहिली."

आता आमच्या घराविषयी थोडं सांगायला हवं. घर भाड्याचं. मालक कापसाचे अडते, स्वभावानं भले गृहस्थ. आमच्या स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्यांच्या अंगणात उघडते, आणि यंदा त्यांनी त्याच अंगणात छपराखाली कापूस उतरवला. चुलीची ठिणगी उडेल म्हणून त्यांनी ती खिडकी विटांनी चिणून टाकली. तशी मला विचारून हो. "मास्तर, तुमची काही हरकत नाही ना?" असं त्यांनी अदबीनं विचारलं, आणि मी तितक्याच अदबीनं म्हणालो, "छे छे, हरकत कसली." हरकत घ्यायची मला सवय नाही. बाहेर तर नाहीच, घरातही फारशी नाही. तेव्हापासून चुलीचा धूर स्वयंपाकघरातून सुमन झोपते त्या खोलीत येतो, तिथं थोडा रेंगाळतो, आणि माझ्या टेबलावरून, वह्यांना शिवून, पुढच्या दारानं सावकाश बाहेर पडतो.

बायको म्हणाली, "दुसऱ्या अंगानं भिंत फोडून खिडकी काढून घ्या. गल्लीकडून."

मी म्हणालो, "मालकांना काय वाटेल? आता हंगामाचे दिवस. हंगाम जाऊ दे, मग बघू."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"काय झालं?"

"काई नाई," ती म्हणाली. "मामंजी बोलले काय, असं वाटलं."

मामंजी म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊनही बराच काळ झाला. बायकोनं त्यांना त्यांच्या उतारवयात पाहिलं, आणि बनीची गोष्ट तिला माझ्या आईनं सांगितली, मी नव्हे. आमच्या घरात या गोष्टीविषयी पुरुष बोलत नाहीत. पुरुष फक्त तेच वाक्य पुन्हा बोलतात.

पूर्णेच्या काठच्या खारपाण पट्ट्यात आमचं गाव. विहिरीचं पाणी खारट, जमीन काळी, कापूस मात्र दृष्ट लागावी असा. घर धाब्याचं, जाड मातीच्या भिंती आणि वर सागाच्या सऱ्यांवर, म्हणजे आडव्या तुळयांवर, थापलेलं मातीचं सपाट छत. स्वयंपाकघरावरच्या धाब्यात बूड फुटलेला एक माठ उलटा बसवलेला होता, त्यातून चुलीचा धूर वर जायचा. माजघराला दोन खिडक्या होत्या. हे सगळं पावसाळ्यापुरतं आणि उन्हाळ्यापुरतं. वेचणीच्या बाया शेतात शिरायच्या आधी बाबा एक काम कधी चुकवत नसत. ते माजघराच्या खिडक्या कच्च्या विटांनी बंद करायचे, वरून शेणमातीनं लिंपायचे, आणि धाब्यावर चढून धुराच्या माठाच्या फुटक्या बुडावर फरशी ठेवून तिच्या कडाही लिंपून टाकायचे.

याला कारणं होती. आमच्या घरात कोणत्याही मूर्खपणाला कारण असायचंच. खिडकी उघडी राहिली तर चोर बाहेरून काठीला आकडा बांधून कापूस ओढून नेत. धुराचा माठ उघडा राहिला तर अवकाळी पाऊस आत येई आणि कापूस भिजून पिवळा पडे. शिवाय ठिणगी. गावातल्या एका घराचा कापूस कोणाच्या तरी बिडीनं पेटला होता आणि त्या घराच्या काळ्या भिंती आमच्या वाटेवरच उभ्या होत्या. बाबांनी ती आग विझवताना दोन्ही हात भाजून घेतले होते. तेव्हा बाबा घर लिंपायचे ते काही वेडेपणानं नाही, आठवणीनं लिंपायचे. ते लिंपायलाही त्यांना फार वेळ लागत नसे. सकाळची न्याहारी करून बसले की दुपारच्या जेवणाला हात धुऊन हजर.

मग कापूस यायचा. पहिल्या टोपल्याला हळदकुंकू, आणि नंतर टोपल्यांमागून टोपल्या माजघरात. गंजी चढत चढत सऱ्यांपर्यंत जायची. ती दाबून बसवायला लेकरं लागत, कारण मोठ्या माणसाला वर वाकून उभं राहावं लागे. कापूस तुडवणं हे आमचं काम, आमचा खेळ आणि आमची चैन. मी अंगानं जरा भरीव, त्यामुळे या कामात माझं नाव होतं. "थो वर गेला की गंजी हातभर खाली बसते," असं बाबा लोकांना सांगत. घरात माझं कौतुक झाल्याचा हा एकमेव प्रसंग, आणि तो दरवर्षी यायचा. वर अंधार असे, ऊब असे, सरकीचा तेलकट वास असे. धूळ नाकातोंडात जाई आणि नाकातून निघणारा शेंबूडही काळा असे. त्याचं आम्हाला कौतुकच वाटे. झोपायचं तेही गंजीवर. अशी गादी राजाला मिळत नसेल, असं माय म्हणायची.

आणि गंजीची उंची म्हणजे घराची उंची. सोयरीक करायला आलेला माणूस आधी पाणी पीत नसे, आधी माजघरात डोकावे. घरात वारा किती खेळतो हे कोणी पाहत नसे. कापूस सऱ्यांना टेकला की नाही, ते पाहत.

बनी माझ्याहून लहान. पावसाळ्यात ती चिखलातून म्हशीमागे पळायची, उन्हाळ्यात चिंचेवर चढायची. हंगाम आला, घर लिंपलं, चूल पेटली की थोड्याच दिवसांत तिची शिटी सुरू व्हायची. बसून राहायची, खांदे वर ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, बाजारात थकून बसलेल्या म्हातारीसारखी. सगळे म्हणत, गारठा बाधला. गारठ्यावर उपाय म्हणजे ऊब. ऊब कुठं असते? चुलीपाशी. म्हणून तिला चुलीपाशी बसवायचे. पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, धूर डोळ्यांत जायचा. तिथं शिटी वाढली की आणखी ऊब पाहिजे म्हणून गंजीवर चढवायचे. कोणीतरी म्हणे, दृष्ट लागली असेल. मग मिरच्यांची धुरी. कोणी म्हणे, ओव्याची धुरी द्या. वर फरशी, खिडक्यांत विटा, आणि आत आम्ही सगळे प्रेमानं तिला धूर घालत होतो. प्रेम कमी होतं असं कोणी म्हणू नये. बाबा तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत, गळ्यात ताईत बांधत, आणि तिला जरा बरं वाटू लागलं की लगेच पुन्हा आत नेत. अंगणात बरं वाटतं हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे म्हणत, ताइताचा गुण आहे.

त्या वर्षी, ज्याविषयी मी लिहितो आहे त्या हंगामात, आमचा बैल खोकायला लागला.

खैऱ्या त्याचं नाव. बाबांचा जीव. गोठा घराच्या पाठीशी, त्यालाही एकच दार, आणि गोमाश्या जाव्यात म्हणून आत ओल्या गोवऱ्यांचा धूर केलेला. खैऱ्या मान खाली घालून ठसके देई, आणि त्याच्या प्रत्येक ठसक्याला बाबा जेवता जेवता थांबत. तालुक्याहून सरकारी ढोरांचा डॉक्टर गावात ढोरांना टोचायला आला होता. नागपूरकडचा, बोलायला शुद्ध, अंगानं काटकुळा. बाबांनी त्याला हात जोडून गोठ्यात आणलं.

"साहेब, बैल ठसकून राहिला. वखराले जुपता येत नाई. काई औषध द्या."

डॉक्टर आत गेला आणि लगेच रुमाल तोंडाला लावून बाहेर आला.

"औषध कसलं द्यायचं? तुमच्या गोठ्यात मलाच खोकला आला. समोरची भिंत फोडा, खिडकी काढा. धूर बंद करा. जनावराला वारा लागू द्या."

"गारठा नाई बाधणार?"

"त्याला अंगावर केस दिलेत देवानं. श्वासाला काय दिलंय?"

बाबांनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. गवंड्यानं भिंत पाहिली, हातानं थोपटली, आणि म्हणाला, "दिवे लागायच्या आत होते, बापू." आणि खरंच झालं. लाकडी चौकट, तिला उभे गज, आणि वर छोटासा छज्जा सुद्धा, बैलाच्या तोंडावर पाऊस येऊ नये म्हणून. माझ्या आयुष्यात मी पाहिलेली ती सगळ्यात देखणी खिडकी होती. गावातली माणसं पाहायला आली. आठवडा जायच्या आत खैऱ्याचा ठसका कमी झाला आणि बाबा भेटेल त्याला सांगू लागले, "हवा पाह्यजे गा, हवा. डॉक्टर म्हने, जनावराले हवा पाह्यजे."

माय चुलीपाशी बसून हे ऐकत होती. बनी तिच्या मांडीवर वाजत होती. एके दिवशी बाबा जेवायला बसले तेव्हा मायनं भाकर त्यांच्या ताटात टाकली आणि विचारलं, "बैलाले खिडकी झाली. पोरीची कवा?"

बाबांचा घास हातातच राहिला. ते रागावले नाहीत. त्यांनी खरंच विचार केला, हे मला दिसत होतं.

"बैलाच्या गोठ्यात कापूस नाई," ते म्हणाले. "इथं खिडकी फोडली अन् ठिणगी पडली तं? तुमी सगळे आत. हंगाम जाऊ दे. कापूस निंघाला की पह्यलं काम थेच."

"अन् तोवर?"

"तोवर ताईत हाये ना."

माय उठली. ताट उचललं, हात धुतले, बनीची गोधडी काखेत मारली, बनीला कडेवर घेतलं आणि मागच्या दारानं गोठ्यात निघून गेली. दारातून म्हणाली, "पोर गोठ्यात झोपंल. डॉक्टरनं सांगतलं म्हना."

गाव हसलं. आधी मी हसलो, कारण मला गंजी सोडावी लागली नव्हती. मग बनीनं गोठ्यातून हाका मारून बोलावलं आणि मीही माझी गोधडी घेऊन गेलो. आता विचार केला तर वाटतं, त्या गोठ्याइतकं श्रीमंत घर मला पुन्हा मिळालं नाही. खिडकीतून चांदणं यायचं, थंडी यायची, गोधडीतून नाक तेवढं बाहेर काढायचं. खैऱ्या रवंथ करायचा आणि त्याच्या श्वासाची वाफ आमच्यावर यायची. बनीची शिटी दिवसादिवसानं बारीक होत गेली आणि एका सकाळी नव्हतीच. ती स्वतःच गोंधळली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "दादा, माहा पावा कुठं गेला?" मग ती तोंडानं शिटी वाजवायला शिकली आणि दिवसभर ती वाजवत हिंडली. माय अंगणात शेणी थापता थापता ती शिटी ऐकायची. शिटी ऐकून मायच्या तोंडावर हसू यायचं, हे मी त्याच दिवसांत पाहिलं, आधी नाही आणि नंतरही नाही.

लोक वाटेत अडवून विचारत, "काय गा, बैल बरा हाये काय? अन् त्याच्या सोबतची?" बाबा हसत. पण त्यांना ते लागत होतं. पोरगी ढोरात झोपते, ही घराची शोभा नव्हे.

आणि मग बडनेऱ्याकडचे पाहुणे यायचं ठरलं. माझ्या काकासाठी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावासाठी, मुलीकडचे घर पाहायला येणार होते. घर पाहायला म्हणजे गंजी पाहायला. बाबांनी सांगितलं, पाहुणे जाईस्तोवर बनी घरात राहील. आल्यागेल्यानं गोठ्यात गोधडी पाहिली तर काय म्हणतील? माय म्हणाली, पाहुणे गोठ्यात कशाला जातील. बाबा म्हणाले, बैल पाहायला जातील. तेही खरंच होतं. बैल पाहायला ते नक्की गेले असते. आणि ती देखणी खिडकीही.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळीच चूल पेटली ती विझली नाही. पुरणाची डाळ, वडे, कढी. वर फरशी लिंपलेली. बाबांनी आम्हा लेकरांना गंजीवर चढवलं. तुडवायला नव्हे, उलट उकलायला. कापूस हातांनी मोकळा केला की फुगतो आणि गंजी आणखी उंच दिसते. माय म्हणाली, "बनी नको." पण बनीच चढली. कित्येक दिवसांत तिला हा खेळ मिळाला नव्हता आणि आता तिला बरं वाटत होतं. ती दोन्ही ओंजळींनी कापूस वर उडवत होती आणि हसत होती. अंधारात धुळीचा नुसता ढग. बाबा खाली उभे राहून वर पाहत होते. कापूस वरच्या सऱ्याला टेकला तेव्हा ते म्हणाले, "शाबास व, बनाबाई." तिला इतका आनंद झाला की तिनं तोंडानं शिटी वाजवली. बाबांचा आणि तिचा तो शेवटचा संवाद.

पाहुणे आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणे माजघरात डोकावलं, मान वर केली, आणि गंजी पोकळ तर नाही ना हे पाहायला बाही सारून हात कोपरापर्यंत आत खुपसला. हात बाहेर काढला आणि मान डोलावली. सोयरीक तिथंच झाली असं म्हणायला हरकत नाही. मग अंगणात पंगत बसली.

तोवर आत चुलीमागं बनीची शिटी सुरू झाली होती. यावेळची वेगळी होती. मध्येच तुटायची, मग पुन्हा ओढून आल्यासारखी यायची. मायनं तिला उचललं. गोठ्याकडचं मागचं दार त्या दिवशी बंद. त्याला टेकवून पाहुण्यांचं सामान आणि धान्याची पोती रचली होती. गोठ्यात जायचं तर पुढच्या अंगणातून, पंगतीसमोरून. मायनं दाराआडून बाबांना खुणावलं. बाबा वाढता वाढता आत आले. हातात पुरणाच्या पोळ्यांची परात.

"पोरीले बाहीर नेते मी," माय म्हणाली.

"पाह्य, पाहुणे जेवून राहिले. लेकुरवाळी बाई धावत गोठ्यात गेली, तं काय समजतीन? पाहुणे उठू दे."

माय उभीच राहिली, बनीला खांद्याशी घेऊन, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून. मी तिच्या पदराला धरून होतो. बाहेर आग्रह चालला होता. "घ्या ना, अर्धी घ्या, आमच्या मनासाठी घ्या." पाहुणे नको म्हणत होते आणि घेत होते. वऱ्हाडातला आग्रह लवकर संपत नाही. संपला तर यजमानाची लाज जाते. पंगत उठायच्या आधी शिटी थांबली. वाढायला मदतीला आलेली शेजारची बाई म्हणाली, "चाला, लागला बाप्पा पोरीचा डोळा." आणि खरं सांगतो, सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. फक्त माय हलली नाही.

पाहुणे मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी सोयरीक मोडली नाही. पुढे माझी काकू त्याच घरातून आली.

बाबा मात्र कापूस विकायला थांबले नाहीत. भाव चढायची वाट न पाहता त्यांनी गाड्या लावल्या. गंजी गेली. माजघर रिकामं झालं तेव्हा ते केवढं लहान आहे हे मला कळलं. मग तोच गवंडी आला. बाबांनी विटा काढून टाकायला लावल्या, खिडक्या दुप्पट रुंद केल्या, धुराचा माठ काढून तिथं विटांचं चांगलं उंच धुराडं बांधलं, आणि कापसासाठी शेताच्या वाटेला वेगळी खोली घातली. घराच्या खिडक्यांचं काम सकाळी सुरू झालं, आणि मी शाळेतून आलो तेव्हा माजघराच्या पार कोपऱ्यापर्यंत ऊन पोचलं होतं. जिथं वर्षानुवर्षं गंजी असायची तिथं जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता. माय अंगणात बसून सगळं पाहत होती. गवंडी थापी धुऊन निघाला तेव्हा ती म्हणाली, "इतकुसंच काम होतं."

कोणाला उद्देशून म्हणाली नाही. गवंड्याला वाटलं त्याच्या कामाला नावं ठेवली. बाबा उठून गोठ्यात गेले.

काकूची चार लेकरं त्या माजघरात वाढली. एकालाही कधी शिटी लागली नाही. हंगामात सुद्धा नाही. गावात म्हणायचे, या घराची पोरं जात्याच काटक. काकू म्हणायची, माझ्या माहेरचं रक्त. बाबा यावर कधी बोलले नाहीत. फक्त उतारवयात त्यांना स्वतःलाच धाप लागू लागली तेव्हा माझ्या बायकोनं त्यांची खाट त्या मोठ्या खिडकीखाली टाकली, आणि त्यांनी ती ओढत भिंतीच्या आडोशाला नेली. तिनं पुन्हा आणली, त्यांनी पुन्हा नेली. शेवटी म्हणाले, "सूनबाई, थे खिडकी माह्यासाठी नोहे." तेव्हाच तिनं मायला विचारलं आणि मायनं तिला सांगितलं.

मी या सगळ्याचं काय केलं? मी मास्तर झालो. हवेशीर घराचे फायदे क्रमवार सांगतो, पोरांकडून पाठ करून घेतो, आणि एखादा फायदा चुकला तर छडी उचलतो. अमरावतीच्या शिक्षकांच्या सभेत या विषयावर माझं व्याख्यान झालं होतं. टाळ्या पडल्या. सभागृहाच्या खिडक्या बंद होत्या, थंडीचे दिवस होते. घरी येऊन मी ती हकिगत रंगवून सांगितली. बायको म्हणाली, "तुमी बोलता लय चांगलं."

तर त्या दिवशी तिनं "मामंजी बोलले काय" म्हटल्यावर मी वह्या मिटल्या. सुमन भिंतीला टेकून बसली होती, खांदे वर ओढून, हात गुडघ्यांवर. ही बसायची तऱ्हा तिला कोणी शिकवली नव्हती. मी मालकांकडे गेलो. वाटेत मी विनंतीचं एक सुंदर वाक्य तयार केलं होतं, त्यात 'आपल्या औदार्याने' असा शब्दप्रयोगही होता. ते गादीवर बसून कापसाचा नमुना बोटांनी ओढून पाहत होते. मी पोरीच्या छातीचं आणि खिडकीचं कसंबसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, पोर म्हंजे होईलच सर्दीखोकला. भिंत फोडली तं घर कमजोर होते. होळीपावतर थांबा. हंगाम जाऊ द्या."

माणूस भला होता. तसंच म्हणणार होता. माझं सुंदर वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, आणि मी त्यांना 'बरं' म्हणालो. आयुष्यभर म्हणत आलो तसं.

मग तिथून सरळ बाजारात गेलो आणि गवंडी घेऊन आलो.

बायकोनं त्याच्या हातातली पहार पाहिली. "मालक काय म्हने?"

"थांबा म्हणाले."

"अन् घर खाली करा म्हंतलं तं?"

"करू."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी माणसाला पाहावं. मग चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं आणि भांडी भिंतीपासून दूर नेऊन ठेवायला लागली. गवंडी तरुण होता. त्यानं गल्लीकडच्या भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं आणि कानाला पेन्सिल होती ती काढली.

"दिवे लागायच्या आत होऊन जाईन, मास्तर. केवढी काढू?"

मी हात पुढं करून माप दाखवलं. हात आपोआपच उघडत गेले, आणि कुठं थांबायचं हे त्यांना ठाऊक होतं.

"लय मोठी होईन," तो म्हणाला. "चुलीच्या धुराले इतकी कायले लागते?"

"बैलाला पुरली होती, तेवढी काढ," मी म्हणालो.

गवंडी हसला. मास्तर गमतीदार आहे हे त्यानं कोणाकडून ऐकलं असावं. बायको हसली नाही. तिनं सुमनला उचलून कडेवर घेतलं, तिच्या नाकावर पदर धरला, आणि पहिली वीट पडायच्या आत तिला घेऊन बाहेर गल्लीत, उघड्यावर जाऊन उभी राहिली.